पिंग कमी करून मिळणेबाबत

प्रल्हाद आरोलकरांनी आयुष्यात फार थोडे निर्णय स्वतः घेतले, आणि जे घेतले त्यांचं पुढे काय झालं ते विचारायची सोय नाही. (नालासोपाऱ्याला फ्लॅट घेताना "समोर मोकळं मैदान आहे, हवा येईल" हा त्यांचाच निर्णय. आता समोर सहा बिल्डिंगा आहेत आणि हवा आधी त्यांना जाते.) तरीपण दोन हजार पाच सालच्या एका सोमवारी सकाळी, पोह्यांचा पहिला घास तोंडात असताना, त्यांनी बायकोला सांगून टाकलं, "तू काळजी करू नकोस, जयवंती. इंटरनेट मी बघतो."

जयवंतीबाईंच्या हातातला कालथा थांबला. पंचवीस वर्षांच्या संसारात 'मी बघतो' हे त्यांनी तीनदा ऐकलं होतं. पहिल्यांदा घरचा मिक्सर गेला, दुसऱ्यांदा बाथरूमचा नळ गेला आणि तिसऱ्यांदा शेजाऱ्यांचा मिक्सर.

"अहो, राहू द्या ना. केबलवाला इनास येऊन बघेल."

"इनास त्याच्या परीनं बघेल. मी माझ्या परीनं बघतो."

"त्याचंच तर मला भ्या वाटतं," बाई म्हणाल्या, आणि प्रल्हादरावांनी ते कौतुक समजून डबा उचलला.

आता घरात एवढं काय अडलं होतं इंटरनेटवाचून? सांगतो. जयवंतीबाई आरोलकर, वय अठ्ठेचाळीस, या बंदुका चालवत असत. कॉम्प्युटरवर, पण चालवत असत. आणि काय चालवत असत महाराजा! मुलगी उन्नती नोकरीसाठी हैदराबादला गेली, तिचा कॉम्प्युटर मागे राहिला आणि घर एकदम सुनं झालं. फोनवर रोज काय बोलणार? "जेवलीस का?" "जेवले." "काय जेवलीस?" तिथं गाडी अडायची. मग दिवाळीला आली तेव्हा उन्नतीनं आईला आपला खेळ शिकवला. चार जण इकडून, चार जण तिकडून, सगळे आपापल्या घरी बसलेले, आणि पडद्यावर धाड धाड. मुलीला वाटलं होतं, आई दोन दिवस खेळेल आणि सोडून देईल. आईनं दुसऱ्याच दिवशी मुलीला तीनदा मारलं आणि "आता भात लावते" म्हणून उठली.

त्यात नवल नव्हतं. बाईंचं माहेर सातिवलीचं. आज तिथे गाळे आणि गोडाउनं आहेत, तेव्हा भातशेती होती. भात पिकायला आलं की शेतातल्या माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायचं काम लहानग्या जयवंतीकडे असे, आणि तिच्या हातात असे गोफण. पाखरू उडाल्यावर दगड मारून काय उपयोग? ते कुठं उडणार हे ओळखून दगड आधी सोडावा लागतो. ही विद्या त्यांच्या हातात चाळीस वर्षं नुसती पडून होती. खेळातलं मैदान पहिल्यांदा बघितलं (पत्र्याची शेडं, कंटेनर, अर्धी उघडी शटरं), तेव्हा तर त्या खुर्चीतून उठल्याच. "अगं उन्नती, हे तर आमचं सातिवली!"

पडद्यावर त्यांचं नाव होतं 'जेव्ही ४८'. टीममध्ये उन्नती कॅप्टन, आणि तिच्याबरोबर दोघे, कोल्हापूरचा संग्राम नि ठाण्याचा दीपेश. दोघांनाही नोकऱ्या होत्या, दोघांनाही मिशा होत्या, आणि दोघेही बाईंना 'जेव्ही भाई' म्हणत. अठ्ठेचाळीस हा आकडा एखाद्या बंदुकीचा असणार असा त्यांचा समज. आईला टीममध्ये घेतलंय असं सांगितलं तर पोरं हसतील म्हणून उन्नती गप्प होती, आणि बाई माइकवर 'हं' याच्यापलीकडे काही बोलत नसत. त्यांचा तो 'हं' एवढा भारदस्त होता की संग्रामनं एकदा विचारलं होतं, "जेव्ही भाई, पोलिसात आहात काय?"

"हं," बाई म्हणाल्या होत्या.

तर ही टीम एका ऑनलाइन स्पर्धेत चढत चढत फायनलला पोचली होती, आणि घोळ नेमका तिथेच झाला होता. सामने रविवारी साडेतीनला. दर रविवारी खेळ रंगात यायचा आणि जेव्ही भाई पडद्यावरून गुल व्हायचे. पाच मिनिटांनी परत. कालच्या सेमीफायनललाही तेच झालं, उरलेल्या तिघांनी कसाबसा सामना काढला, आणि मग स्पीकरमधून संग्रामचा आवाज आला, "भाईंचा नेम देवाचा आहे, पण नेट भुताचं आहे. फायनलचा नियम माहीत आहे ना? एकदा गळला तो गळला, परत आत घेत नाहीत. आपण दुसरा बघू."

उन्नतीनं एक आठवड्याची मुदत मागून घेतली. बाईंनी कॉम्प्युटरवर नेहमीप्रमाणे क्रोशाचं कव्हर घातलं आणि आत जाऊन लसूण सोलत बसल्या. घरात सोललेला लसूण आधीच वाटीभर होता. प्रल्हादरावांनी ते पाहिलं. आयुष्यभर या बाईनं दुसऱ्यांचे डबे भरले. आता कुठे तिला स्वतःचं काहीतरी सापडलं होतं, त्यातही ती अशी अव्वल, आणि तेच जाणार? तेव्हा तो सोमवारचा निर्णय या लसणातून आला होता.

प्रल्हादराव मुंबईला एका सरकारी कार्यालयात आवक-जावक विभागात होते. जगातला कुठलाही प्रश्न अर्ज केल्यावर सुटतो यावर त्यांची श्रद्धा. (सुटत नाही, पण नोंद होते.) आधी त्यांनी बायकोकडून विषय समजून घेतला.

"ते 'पिंग पिंग' म्हणतात ते काय असतं?"

"मी गोफण सोडली आणि दगड तिकडं पोचला, या दोहोंत जो वेळ गेला तो पिंग. जितका कमी तितका बरा."

सोमवारी दुपारीच इंटरनेट कंपनीच्या नावे तीन प्रतींत अर्ज तयार झाला. 'विषय: आमचे राहते घरी येणारा पिंग कमी करून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय कळवितो की, माझ्या पत्नीने सोडलेली गोळी शत्रूपर्यंत वेळेत पोहोचत नसल्याने...' साहेबांनी ती प्रत चुकून वाचली, आणि पुढचे दोन दिवस ते प्रल्हादरावांशी फार जपून बोलत होते.

मंगळवारी त्यांनी कंपनीच्या मदत केंद्राला फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, "सर, तुमच्याकडे पोर्ट ओपन आहे का बघा. पोर्ट बंद असलं तर गेम अडकतो."

"पोर्ट?" प्रल्हादराव सावध झाले. "कुठलं, नालासोपाऱ्याचं?"

"हो सर, तुमच्याकडचंच."

"मॅडम, ते बंद होऊन शेकडो वर्षं झाली."

"इतके दिवस? मग कम्प्लेंट का नाही केली?"

"कुणाकडे करणार? गाळ साचला हो. पूर्वी इथे लांबलांबची गलबतं लागायची."

फोनवर कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती मुलगी म्हणाली, "सर, मी 'पोर्टमध्ये गाळ' अशी कम्प्लेंट रजिस्टर करते," आणि त्यांना एक नंबर मिळाला. प्रल्हादरावांनी तो दोनदा वाचून दाखवला. दोनच दिवसांत एवढी प्रगती झाल्याचं पाहून त्यांचा उत्साह वाढला.

बुधवारी त्यांनी रजा टाकली आणि हातात पक्कड घेऊन टेरेसवर गेले. त्या काळी इंटरनेट या गच्चीवरून त्या गच्चीवर वायरीनं यायचं, कावळ्यांच्या बरोबरीनं. वायरीचा माग काढत ते गेले आणि पाहतात तो वायरीवर दोन डबल बेडच्या चादरी, एक गाऊन आणि सहा उशांचे अभ्रे! चौथ्या मजल्यावरची बर्था डिमेलो तोंडात चिमटे धरून सातवा अभ्रा टाकत होती.

"बर्था! अगं, ही इंटरनेटची वायर आहे!"

"असू दे की. मी कुठं चोरतेय?"

"तुझ्या ओझ्यानं पिंग वाढतो!"

बर्थानं तोंडातले चिमटे काढले. "म्हणजे माझ्या चादरींतनं तुमचं इंटरनेट जातं? तरी मी म्हणते, या दोरीवर कपडे एवढे लवकर कसे वाळतात!"

बऱ्याच घासाघिशीनंतर प्रल्हादरावांनी तिला नायलॉनची नवी दोरी बांधून दिली, ती बांधताना वायर एकदा उपटली, परत खोचली, आणि त्या सबंध दुपारी बिल्डिंगमध्ये कुणाचंच नेट चाललं नाही. गुरुवारी त्यांनी कॉम्प्युटर खिडकीशी आणून ठेवला. (वायर सहा फुटांनी वाचली, तेवढाच पिंगाला आराम.) शुक्रवारी इनास आला. पाळण्यातलं नाव इग्नेशियस, पण सगळं गाव त्याला इनास म्हणे. त्यानं टेरेसवरचा बॉक्स उघडला, पाहिला, लावला आणि म्हणाला, "अंकल, सगळं ओके आहे. लाइन कुठंही तुटलेली नाही. तुम्ही बुधवारी उपटली तेवढी सोडून."

शनिवार उजाडला. उद्या फायनल. प्रल्हादराव हातपाय गाळून स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसले. हातात त्यांनी आठवडाभर लिहिलेली वही होती. तिच्यात मागचे पाच रविवार, बाईंना आठवत होते तसे, तारखेनिशी नोंदवले होते. बाईंनी पोळी लाटता लाटता वहीवर नजर टाकली, आणि लाटणं थांबलं.

"अहो, हे सगळं पावणेचारचंच आहे की."

"हो. रविवारचा लोड असतो, असं ती मुलगी म्हणाली."

"रविवारी पावणेचारला आपल्याकडं काय होतं?"

"मी झोपून उठतो."

"मग?"

"चहा घेतो."

"त्याच्या आधी काय करता?"

"त्याच्या आधी? खाली जाऊन पाण्याचा पंप..." प्रल्हादराव बोलता बोलता थांबले.

"पानी!" बाई ओरडल्या. (आनंद झाला की बाईंचं माहेर असं तोंडात यायचं.) "अहो, पानी!"

वाचकहो, प्रल्हादराव सोसायटीचे सेक्रेटरी होते. इतर दिवशी पंप वॉचमन पहाटेच लावायचा, पण रविवारी त्याची सुट्टी. म्हणून दर रविवारी पावणेचारच्या ठोक्याला सेक्रेटरी स्वतः खाली जाऊन स्वहस्ते पंप चालू करत. पाच वर्षांत एक मिनिट इकडचं तिकडे नाही, आणि याचा त्यांना केवढा अभिमान! इनासला फोन केला तर तो हसतच सुटला. "असंच असणार, अंकल! बॉक्सला करंट पंपाच्याच बोर्डावरनं घेतलाय. पंपानं करंट खेचला की बॉक्स झोपला. पाच मिनिटांनी उठतो."

"मग दुसरीकडून करंट घे ना, बाबा. आजच घे."

"घेतो की. सोसायटीचं पत्र द्या. तुम्हीच नाही का नियम केलात, सभेच्या ठरावाशिवाय वायरीला हात लावायचा नाही?"

आणि सभेची नोटीस चौदा दिवस आधी. तोही नियम सेक्रेटरींचाच.

एरवी कुठलीही बायको अशा वेळी नवऱ्याला पंधरा दिवस पुरेल एवढं बोलली असती. जयवंतीबाईंनी फक्त त्यांच्याकडे पाहिलं आणि पोळी तव्यावर टाकली. "उद्या पंप पाच वाजता लावा," एवढंच म्हणाल्या. प्रल्हादराव रात्रीचं जेवण होईपर्यंत एकेक घास तीसतीसदा चावत होते. मग त्यांनी उठून नोटीस लिहिली: 'अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव रविवारी पंप सायंकाळी पाच वाजता चालू होईल. हुकमावरून.' शिक्का मारला आणि जिन्याखाली चिकटवली.

रविवारी साडेतीनला बाई देवाला नमस्कार करून खुर्चीत बसल्या. प्रल्हादराव पंपाच्या खोलीची किल्ली मुठीत धरून दारात, स्टुलावर. पावणेचार वाजले. पंचवीस वर्षांच्या सवयीची बोटं किल्लीभोवती वळवळली. (सेक्रेटरी पाच वर्षंच, पण वेळेवर कामाला लागायची सवय पंचवीस वर्षांची.) पडदा हलला नाही. जेव्ही भाई जागच्या जागी! स्पीकरमधून उन्नती ओरडली, "जेव्ही, मस्त! डावीकडे!" आणि धाड. एक पडला.

चार वाजून दहा मिनिटांनी जिन्यात पावलांचा दणदणाट झाला. तिसऱ्या मजल्यावरचे शत्रुघ्न मोहिते येत होते. कमरेला टॉवेल, वरचं सगळं साबणात, एक डोळा मिटलेला. नोटिसा वाचणं हे मोहित्यांच्या स्वभावात नव्हतं.

"आरोलकर! पाणी कुठंय? अर्ध्या अंघोळीत नळ गेला माझा! द्या ती किल्ली!"

प्रल्हादराव आयुष्यात कुणाला नाही म्हणाले नव्हते. ऑफिसात लोक त्यांच्या टेबलावर दुसऱ्यांची कामं ठेवून जात. ते स्टुलावरून उठले. पण दार त्यांनी सोडलं नाही.

"मोहिते, किल्ली मिळणार नाही."

"का? काय कारण?"

"आत माझी बायको लढतेय."

मोहित्यांनी उघड्या डोळ्यानं आत पाहिलं. वहिनी कॉम्प्युटरसमोर, पदर खोचलेला, नजर पडद्यावर, आणि पडद्यावर एकामागून एक माणसं आडवी होताहेत. "आयला!" मोहिते पुटपुटले. "ह्या... वहिनी आहेत?" ते आत आले, टॉवेल सावरत खुर्चीमागे उभे राहिले आणि अंघोळ विसरले. पाठोपाठ बर्था रिकामी बादली घेऊन भांडायला आली, ती बादली उलटी घालून तिच्यावर बसली. दहा मिनिटांत अर्धी बिल्डिंग आरोलकरांच्या हॉलमध्ये होती, आणि पाणी हा शब्द कुणी काढत नव्हतं.

शेवटचा डाव. संग्राम पडला, दीपेश पडला, उन्नती पडली. इकडून एकटे जेव्ही भाई, तिकडून दोघे. हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती, पण पडला तो मोहित्यांचा आवाज. "वहिनी! मागे! मागे बघा, वहिनी!"

स्पीकरमधून संग्राम, "जेव्ही भाई... वहिनी कोण?"

उन्नतीनं सांगूनच टाकलं. "ती माझी आई आहे."

"कोण आई?"

"जेव्ही. जयवंती. माझी आई. अठ्ठेचाळीस तिचं वय आहे."

यावर संग्राम काय बोलला ते इथे छापता येण्यासारखं नाही, पण पुढच्या सेकंदाला तो एकदम शुद्ध मराठीत आला. "काकू, नमस्कार. काकू, डावीकडच्या कंटेनरमागे एक आहे."

"माहीत हाय रे पोरा," जयवंतीबाई पहिल्यांदाच माइकमध्ये बोलल्या. "सातिवलीची हाय मी. तो तिथनं नाय येनार. पत्र्यामागनं येनार." त्यांनी रिकाम्या जागेवर नेम धरला. त्या जागेवर काहीही नव्हतं. प्रल्हादरावांनी डोळे मिटले. धाड! आणि जो गडी पत्र्यामागून बाहेर पडला तो थेट गोळीतच येऊन पडला. दुसरा त्याला शोधायला आला आणि तोही गेला. पाखरू उडायच्या आधी दगड पोचला होता.

त्यानंतर जो कल्ला झाला! बर्थानं बादली वाजवली. मोहिते नाचले. (टॉवेलानं साथ दिली, देवाची कृपा.) प्रल्हादरावांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नळ गेल्यापासूनचं बिल्डिंगमधलं पहिलं पाणी. ही आपली बायको, हे त्यांना कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं, पण सगळ्यांना ते आधीच माहीत होतं.

"आरोलकर," मोहिते भानावर आले, "साबण वाळला हो. आता तडे जायला लागले."

"हा गेलो आणि हा आलो!" म्हणत प्रल्हादराव जिना उतरले. आज त्यांना पंख फुटले होते. त्यांनी पंपाची खोली उघडली, छाती काढून उभे राहिले आणि बटण दाबलं. पंप घरघरला. त्याच क्षणी वरून, त्यांच्याच खिडकीतून, वीसएक माणसांचा एकदम आवाज आला. "अरेरेरेरे!"

ते धापा टाकत वर आले. पडदा गोठला होता आणि बाई हात मांडीवर ठेवून स्वस्थ बसल्या होत्या.

"काय झालं?"

"काय व्हायचं?" बर्था म्हणाली. "पोरांनी विचारलं, काकू, आज नेट एवढं चांगलं कसं चाललं? ही कधी नव्हे ती लाजली. म्हणाली, 'आमचं नेट आमच्या ह्यांनी...' आणि तुम्ही खाली बटण दाबलंत!"

प्रल्हादराव हळूच बायकोजवळ गेले. "पुढे काय म्हणणार होतीस?"

"'सुधारलं' म्हननार होते," जयवंतीबाई म्हणाल्या. "खरंच."

पंचवीस वर्षांत पहिल्यांदा, चारचौघांत, कोल्हापूर-ठाण्यापर्यंत ऐकू जाईल असं कौतुक, आणि त्याचं क्रियापद पंपानं ओढून नेलं. पण हरकत नाही, प्रल्हादरावांनी मनाची समजूत घातली. लोक शहाणे असतात. अर्ध्या वाक्यावरून पुरतं ओळखतात.

तेवढ्यात फोन वाजला. उन्नती होती. हसता हसता तिला बोलता येत नव्हतं.

"बाबा, आईचं वाक्य 'आमच्या ह्यांनी' वर तुटलं. पण काळजी करू नका, पोरांना कळलं."

"कळलं ना?" प्रल्हादरावांचा चेहरा उजळला. "काय म्हणाली पोरं?"

"दोघं एकदमच म्हणाले, 'घालवलं.'"